डालग्याचा डोळा

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या रांगेमागे
सगुण बसतो तिथे उन्हाची पट्टी दहाला पोचते.
मी डालगं उचललं, त्याने विचारलं,
“कितलीं कोंबयो?”
एकही नाही, म्हटलं.
तो हसला नाही. शुक्रवारी वेडी गिऱ्हाइकं येतातच.

मला भोकं हवी होती.
सहा बाजूंचं भोक, भोवती त्रिकोण,
पुन्हा भोक.
जपानीत या विणीचं नाव टोपलीचा डोळा,
आणि ताळगावच्या पठारावर, तळमजल्यावरच्या खोलीत
हीच वीण मी दोन वर्षं भट्टीत शिजवते आहे.
व्हॅनेडियम विणतो.
सीझियम दोन थरांच्या मध्ये गोधडीसारखा पसरतो.
आणि अँटिमनी, सुरम्याच्या दगडातला धातू,
विणीच्या प्रत्येक डोळ्यात, बरोबर मध्यभागी
एकेक अणू होऊन बसतो.
हे मी रचलेलं नाही, क्ष-किरणांनी दाखवलं.
डोळ्यात सुरमा.
वहीत मात्र मी फक्त अंतरं लिहिली.

इलेक्ट्रॉनचं या विणीत कोंबडीसारखं होतं.
भोकं पुरेशी मोठी, बाहेरचं सगळं दिसतं,
पण निघायच्या दोन वाटा
एकमेकींना खोडून टाकतात.
तो तिथल्या तिथे सहा कोपरे फिरतो,
जड होतो, शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू लागतो.
दुसरे काही याच जाळीत
वजनच नसल्यासारखे सुसाट जातात.
एकाच डालग्यात दोन्ही.
हे मला तीन महिने समजलं नव्हतं,
आणि समजलं तेव्हा मी बांबोळीच्या बसथांब्यावर होते
आणि माझी बस गेली.

स्फटिक तांबोशाच्या खवल्यासारखा निघतो, चकचकीत,
चिकटपट्टीने सोलला तर थर सुटतात.
त्यावर केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा लावल्या,
श्वास धरून.
हीलियम कायतानने ओतला.
निवृत्तीला आठ महिने उरलेत त्याला,
टाकीच्या आवाजावरून पातळी सांगतो.

चौऱ्याण्णव केल्विनला रेषेने गुडघा टेकला:
इलेक्ट्रॉनांनी आपसात घरं वाटून घेतली,
दर दुसऱ्या दारात गर्दी.
मग खूप वेळ काहीच नाही.
पंपाची घरघर, खिडकीवर एक पाल.
अडीचच्या जरा वर
रोध थबकला
आणि गेला.
कमी झाला नाही. गेला.
“तार सुटली आसतली,” कायतान म्हणाला.
आम्ही तापवून पाहिलं, रोध परत आला.
थंड केलं, गेला.
तार सुटली नव्हती.
कायतानने खिशातलं चॉकलेट अर्धं मोडून दिलं
आणि दोघेही काही बोललो नाही.

खरा प्रश्न पुढचा होता.
त्या गुडघ्याच्या खाली, म्हणतात, वीज गोल फिरू लागते,
आणि वीण डावी की उजवी हे ठरवते.
हो म्हणणारे आहेत, नाही म्हणणारे आहेत,
दोघांकडे आलेख आहेत.
मी चुंबकाची दिशा उलटी केली
आणि साडेतीनला हीलियम संपला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले.
सगुणने कामट्या मांडीवर घेऊन दाखवलं:
पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर,
तिसरी पुन्हा पहिलीवर.
तिघींत कुणीच वर नाही.
आणि आरशात धरली तर ती दुसरीच टोपली.
“म्हजो हात दावो,” तो म्हणाला, “बापायचो उजवो.”
फरक काय पडतो?
त्याने कामटीचं टोक दाताने सरळ केलं.
“कोंबयेक कळना.”

मग त्याने विचारलं, तुझ्या त्या खवल्यातून
करंट खर्च न होता जातो, तर बिल कुणाला येतं?
हीलियमचं येतं, म्हटलं. मोठं येतं.
या वेळी तो हसला.

डालगं आता भट्टीजवळच्या कपाटावर आहे.
पुढची टाकी मंगळवारी, कंपनी म्हणते.
कायतान म्हणतो, बुधवारी.
कोंबडीला कळत नाही, ठीक.
विजेला कळतं का, एवढं पाहायला
मला अजून साठ लिटर लागतील.